"परत एकदा आत बघा ना": दुकानात काम करणाऱ्या एका मुलीची गोष्ट

दिवाळीचा सीझन संपला, लग्नसराई लागली की माझ्याकडे समुपदेशनासाठी दुकानांत काम करणारी मुलं-मुली जरा जास्तच यायला लागतात. कोणी कपड्यांच्या दुकानात, कोणी मोबाईलच्या, कोणी मॉलमधल्या शोरूममधे, पण तक्रार थोड्याफार फरकाने तीच. "मॅडम, गिऱ्हाईक विश्वासच ठेवत नाही हो. आत जाऊन बघून आलो, नाहीये म्हणून सांगितलं, तरी म्हणतात परत बघ. जसं काही आम्ही माल लपवूनच ठेवलाय." आणि त्याच्या पाठोपाठ हमखास, "घरी गेल्यावरही तेच डोक्यात फिरत राहतं." इतक्यांदा ऐकलं हे, की म्हटलं एकदा सविस्तर लिहावंच, कारण यातल्या प्रत्येकाला वाटत असतं की हे फक्त आपल्यालाच होतंय.

तिची परवानगी घेऊन आणि ओळखीच्या खुणा बदलून एका मुलीबद्दल सांगते. पुण्यातलं चपला-बुटांचं मोठं दुकान, ही तिथे सेल्सला, वय तेवीस-चोवीस. दुकानाची पद्धत तुम्ही पाहिली असेलच, डिस्प्लेला एकच पाय मांडलेला असतो आणि बाकी सगळा माल बॉक्समधे वरच्या माळ्यावर किंवा मागच्या खोलीत. गिऱ्हाईकाने एखादा जोड दाखवला की आर्टिकल नंबर आणि साईज लक्षात ठेवायची, जिना चढायचा, बॉक्स काढायचा, खाली यायचं. घट्ट झाला की परत वर. त्यात संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, त्यामुळे सकाळी सहा नंबर घालणाऱ्या बाईला संध्याकाळी कधीकधी सात लागतो, म्हणजे एका जोडासाठी दोन-तीन खेपा ठरलेल्याच. जूनमधे शाळेचे काळे बूट आणि पावसाळी चपला एकाच वेळी, तेव्हा तर जेवायलाही फुरसत नाही.

ती आली तेव्हा म्हणाली, "मला हा जॉबच जमत नाहीये. वीस-वीस बॉक्स काढायला लावतात आणि बघतो म्हणून निघून जातात."

मी विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास त्याचाच होतो का?"

जरा थांबली. "नाही. ते चालतं. बॉक्स परत भरून ठेवते मी. पण 'तू नीट बघितलंच नाहीस' असं कोणी म्हटलं ना, की मला एकदम रडू येतं."

इथे मला थोडं थांबावंसं वाटलं. कारण दमणं वेगळं आणि हे वेगळं. वीस बॉक्स काढून माणूस दमतो, पण रात्री अकरा वाजता त्याच्यामुळे रडत नाही.

माझी बैठक मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची आहे. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत त्यांनी ती मांडली आणि आपल्याकडे महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ती रुजवली. थोडक्यात सांगायचं तर घटना आपल्याला जेवढी जखम करते त्याहून जास्त, त्या घटनेबद्दल आपण मनात जे बोलतो ते करतं. त्यामुळे लहानपणी काय झालं, आईवडील कसे होते, यात मी फार वेळ घालवत नाही. मी विचारते, त्या क्षणी तू स्वतःशी काय म्हणत होतीस? या मुलीच्या बाबतीत मात्र नेमका तोच प्रश्न बरेच दिवस कोरडा जात होता. "काही नाही, वाईट वाटतं" एवढंच.

मग एकदा मी म्हटलं, "मनातलं राहू दे. मला फक्त वर गेल्यावर तू काय काय करतेस ते सांग. पायरी पायरीने."

"वर जाते. रॅक बघते. सात नंबर नसतो."

"हे कळायला किती वेळ लागतो?"

"लगेच कळतं, रॅक माझंच आहे."

"मग खाली येतेस?"

ती गप्प झाली. मग खालमानेने म्हणाली, "नाही. उभी राहते. लगेच खाली आले तर त्यांना वाटेल बघितलंच नाही. म्हणून थोडा वेळ तिथेच उभी राहते, दोन-चार बॉक्स हलवते, आवाज येईल असे."

"आणि दुसऱ्यांदा पाठवलं तर?"

"नाही हे माहीत असतं तरी जाते, परत उभी राहते. काय करणार?"

"तिथे उभी असताना कसं वाटतं?"

"खोटं वाटतं."

तिने हे म्हटलं आणि दोघीही काही वेळ बोललो नाही. मला तेव्हा जे दिसलं ते इतक्या वर्षांत इतक्या मुलांच्या तक्रारी ऐकूनही एवढं स्वच्छ दिसलं नव्हतं. या मुलीने काम खरंच केलेलं असायचं, रॅक खरंच बघितलेलं असायचं. पण समोरच्याला पटावं म्हणून त्यावर ती शोधण्याचं नाटक चढवत होती, आणि त्या नाटकामुळे स्वतःच्याच नजरेत लबाड ठरत होती. मग खाली आल्यावर बाई म्हणायची "तू नीट बघितलंच नाहीस" आणि ते वर्मी लागायचं, कारण बाईने तोंडाने जे म्हटलं ते ही आधीच वर उभं राहून स्वतःला म्हणून आलेली असायची. अविश्वास गिऱ्हाईकाचा होताच, पण रडवत होता तो तिचा स्वतःचा.

त्याच्या मुळाशी एक हट्ट होता, प्रत्येक गिऱ्हाईकाने माझ्यावर विश्वास ठेवलाच पाहिजे, नाहीतर मी वाईट. हा हट्ट तिने उच्चारला नव्हता पण तिची प्रत्येक खेप त्याच्यासाठीच होती. मी तिला विचारलं, तू स्वतः भाजीवाल्यावर, रिक्षावाल्यावर दर वेळी विश्वास ठेवतेस? हसली. म्हणाली, "मी तर मीटर दोनदा बघते." मग म्हटलं, तू मीटर दोनदा बघितलास म्हणून तो रिक्षावाला चोर झाला का?

आणि गिऱ्हाईक का हट्ट करतं तेही जरा समजून घ्यायला हवं. "आत बघा ना" म्हटल्यावर कधीतरी खरंच मागून जोड निघालेला असतो, एकदा असं झालं की माणूस जन्मभर विचारतो. बिचाऱ्याला तो बूट आवडलाय, त्याची आशा सुटत नाहीये. त्यात काउंटरवरचा कॉम्प्युटर स्टॉक एक दाखवत असतो. आता तो एक कुठे गेला? कोणीतरी ट्रायल घेऊन चुकीच्या बॉक्समधे भरला, परत आलेला माल अजून लावायचा आहे, एक पाय डिस्प्लेला आणि दुसरा गायब, किंवा विकला गेला तेव्हा बिल दुसऱ्याच साईजवर फाटलं. असं सगळ्या दुकानांत चालतं, आणि त्यात वर चढणाऱ्या माणसाच्या प्रामाणिकपणाचा काही संबंध नाही.

मग आम्ही एक ठरवलं. वर गेलं की तीनच ठिकाणी बघायचं, आपलं रॅक, परत आलेल्या मालाचा ढीग, आणि शेजारच्या साईजचे बॉक्स. नीट बघायचं. आणि नसेल तर उभं राहायचं नाही, सरळ खाली. खाली येऊन नजरेला नजर देऊन, "सात संपलाय. याच सोलमधे दुसरा पॅटर्न आहे, दाखवू का?" पुन्हा बघ म्हटलं तर आवाज न चढवता, "मी बघूनच आलेय. मागवून घेता येईल, नंबर देऊन ठेवा." बस. सॉरी सॉरी म्हणत राहायचं नाही, कारण माल संपणं हा काही तिचा गुन्हा नव्हता.

तिला हे फार कठीण गेलं. "लगेच खाली आले तर ओरडतील." मी म्हटलं, ओरडू देत, आपल्याला तेच बघायचंय, ओरडल्यावर नक्की काय होतं.

पुढच्या वेळी आली ती जरा वेगळीच. एक काका नुसतं "बरं" म्हणाले आणि दुसरा जोड घेऊन गेले. एक बाई मात्र चांगल्याच बोलल्या, "आजकालच्या मुलींना कामच नको" वगैरे. "मग?" "मग त्या गेल्या. आणि दुसरं गिऱ्हाईक आलं." हे सांगताना तिलाच आश्चर्य वाटत होतं. "वाईट वाटलं मॅडम, पण रात्री आठवलं नाही. सकाळी आठवलं."

मला या वाक्याचा आजही फार आनंद होतो. वाईट वाटूच नये असं मी कोणाला शिकवत नाही. टाकून बोललेलं लागणारच, लागावं. ते रात्रभर उशाशी घेऊन झोपायचं नाही एवढंच आपल्या हातात आहे.

आता एक गोष्ट मालकांसाठी आणि सुपरवायझरसाठी, कारण सगळंच काही विचार बदलून सुटत नाही. दिवसभर उभं राहून पोटऱ्या दुखतात, त्याला विचारपद्धती कारण नाही, खुर्ची नसणं कारण आहे. केरळने २०१८ मधे आणि तामिळनाडूने २०२१ मधे दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्याने बंधनकारक केलं. केरळात तर त्यासाठी बायकांनी मोठा लढा दिला. आपल्याकडे किती दुकानांत माळ्यावर साधं स्टूल असतं ते जाऊन बघा. परत आलेला माल रोज रात्री लावून घेतला, कॉम्प्युटरचा आकडा आणि रॅक अधूनमधून जुळवून बघितलं, तर या पोरांच्या निम्म्या खेपा वाचतील. आणि गिऱ्हाईक सगळ्यांसमोर "खोटं बोलतेस" म्हणालं तर सुपरवायझरने निदान "तिने बघितलंय" एवढं म्हणावं. माझ्याकडे आलेल्या कित्येक मुलांना गिऱ्हाईकाच्या बोलण्यापेक्षा सुपरवायझरचं गप्प राहणं जास्त लागलेलं असतं.

हे वाचणारं कोणी दुकानात काम करत असेल तर आज एकदा स्वतःलाच विचारून बघा, मी मागे गेल्यावर शोधतो किती आणि शोधल्यासारखं दाखवतो किती. आणि ड्युटीला निघतानाच छातीत धडधड होत असेल, दोन-दोन आठवडे झोप नीट लागत नसेल, तर एकट्याने ओढत बसू नका. मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस ही सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

ती मुलगी अजून त्याच दुकानात आहे. परत आलेला माल रात्री लावायचं काम तिने स्वतःहून मागून घेतलं, आणि त्यासाठी अर्धा तास आधी काउंटर सोडायची परवानगीही. जूनमधे ती परवानगी मिळत नाही. तेव्हा ढीग तसाच राहतो, आणि ती गिऱ्हाईकाला तसं सांगते.