सगळं प्रारब्धच असेल, तर माझ्या हातात काय?

'प्रारब्ध म्हटलं तर हातपाय गळतात, आणि माझ्यामुळं झालं म्हटलं तर जगावंसं वाटत नाही. मग मानायचं काय?' यवतमाळकडच्या खेड्यांत हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. एका शेतकरी भाऊंची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. गावातल्या आशाताईंनी नवराबायकोला माझ्याकडे पाठवलं. भाऊ संध्याकाळी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेला न चुकता बसणारे, पण झोप उडालेली, जेवण तुटलेलं. बोलणं एवढंच, 'गेल्या जन्माचे भोग हायेत. दुसरं का?'

भोगावर मी वाद घातला नाही. एकेक गोष्ट घेऊन विचारत गेले, हे कोणाच्या हातात होतं? बोंडं फुटताना झड लागली, ते नाही. कापसाचा भाव, मुळीच नाही. बोंडअळी? तीही नाही म्हणाले. मग मी विचारलं, आदल्या साली फरदड ठेवली होती का, म्हणजे हंगाम संपल्यावरही आणखी कापसासाठी कपाशी उभीच? 'ठेवली होती. समदेच ठेवतात.' फरदडीवर गुलाबी बोंडअळी पोसते हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. मग पोरीचं लग्न. 'लोकायनं करायले लावलं.' आग्रह लोकांचा, पण सावकाराच्या कागदावर सही कोणाची? बराच वेळ गप्प. 'मायी.' बायकोला कर्जाचा आकडा निम्माच सांगितला, तो कोणी? 'म्याच.'

आणि लगेच, 'मंग समदं मायाच्यानंच झालं. मीच नालायक.'

इथं घाई करून चालत नाही. जबाबदारीचं बोलणं या वळणावर माणसाला ढकलूही शकतं, म्हणून मी सरळ विचारलं, मरणाचे विचार येतात का? रात्री येतात, म्हणाले. त्याच दिवशी घरातलं फवारणीचं औषध भावाच्या घरी कुलपात गेलं आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार तज्ज्ञांची भेट ठरली. बाकी सगळं त्यानंतर.

पुढच्या भेटींत आम्ही 'मी नालायक' बाजूला ठेवून 'सही मायी' एवढंच धरून ठेवलं. झड देवाची, भाव बाजाराचा, सही माझी. नालायक माणसाला करण्यासारखं काही उरत नाही, सही करणाऱ्याला उरतं. त्यांच्या घरात गाडगेबाबांचा फोटो आहे. कर्ज काढून सण-समारंभ करू नका, असं बाबा कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारत-विचारत सांगायचे. आठवण काढली तर भाऊच हसले, 'हार घालतो न ताई त्यायले, आयकत नाही.'

मग ठरलं. प्रार्थना संपल्यावर थोडा वेळ तिथंच बसून मनाशी म्हणायचं, आज मी काय ठरवलं, आणि कोणाच्या नावावर ढकललं. मला तरी ही जपापेक्षा अवघड साधना वाटते, कारण जपात आपण सापडत नाही.

पहिलं फळ कडू होतं. बायकोला खरा आकडा कळला आणि तिनं कितीतरी दिवस अबोला धरला. तो तिचा हक्कच होता. पण त्यानंतर तिनंच चौकशी काढली, सावकाराकडे परवाना आहे का? तो नव्हता. २०१४ च्या सावकारी कायद्यानुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते. अर्ज दोघांनी मिळून दिला. निकाल अजून लागायचाय, आणि बँकेचे हप्ते आहेतच. यंदा कपाशी वेळेवर उपटली.

मरणाचे विचार येत असतील तर साधना, हिशेब सगळं नंतर. आधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात.