पहिलीतल्या मुलीचं वर्गात लक्ष नसतं अशी तक्रार येते, पण वर्गात आवाज खूप घुमतो. शाळा बदलावी का?

शाळा बदलायचं नंतर बघा, आधी 'लक्ष नसतं' हे मनातून काढा. मी पुण्यात प्राथमिकला बाई होते, पहिली-दुसरीच जास्त घेतली, आणि या एका शेऱ्याने चांगली चांगली पोरं मागे पडलेली बघितलीत म्हणून लिहितेय.

आमची शाळा आधी पेठेतल्या जुन्या वाड्यात भरायची. लाकडी तुळया, बुटकी पाटई म्हणजे फळ्यांचं छत, खाली सतरंज्या. मग सिंहगड रोडच्या बाजूला नवी इमारत झाली, उंच स्लॅब, चकचकीत टाइल्स, स्लायडिंगच्या खिडक्या, सगळे खूश. आणि श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना मला दिसायला लागलं की पुढच्या बाकांवर 'भात', 'पाठ', 'गाडी' बरोबर आणि मागे 'बात', 'पाट', 'काडी'. मी मुलांच्या जागा बदलल्या, मागचे पुढे, पुढचे मागे. पोरं बदलली, चुका मागच्याच बाकांवर राहिल्या!

वह्यांचा गठ्ठा घेऊन संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांकडे गेले. ते वर्गात आले, मागे उभे राहिले आणि म्हणाले, मला तर सगळं कळतंय, बाई, तुमचाच आवाज कमी पडतो. अहो, मोठ्या माणसाला अर्धं ऐकू आलं तरी उरलेलं तो अंदाजाने भरून घेतो, सहा वर्षांच्या पोराकडे तेवढे शब्द कुठून असणार? गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची क्षमता 13-14 वर्षांपर्यंत तयार होत असते. मग कॉलर माइक आणि स्पीकर आला. त्याने माझा आवाज वाढला तसं घुमणंही वाढलं. स्वर जोरकस असतात, व्यंजनं हलकी, त्यामुळे आधीच्या अक्षराचा 'आ' खोलीत रेंगाळतो आणि पुढचा 'ठ' त्याच्याखाली दबतो, कितीही ओरडा. मी छताला आवाज शोषणाऱ्या मिनरल फायबरच्या टाइल्स मागितल्या होत्या, केलं पीओपीचं सीलिंग, नक्षीसकट. साधं पीओपी बोलण्याचा आवाज जवळजवळ शोषतच नाही.

हे माझं खूळ नाही. अमेरिकेत 2002 पासून यासाठी मानक आहे, नेहमीच्या आकाराच्या रिकाम्या वर्गात बाहेरचा-पंख्याचा आवाज 35 डेसिबलच्या आत आणि घुमणं 0.6 सेकंदात विरलं पाहिजे. न्यूयॉर्कच्या एका शाळेत रेल्वेच्या बाजूच्या वर्गातली मुलं शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती, तो अभ्यास 1975 मध्ये छापून आला. नंतर रुळांखाली रबरी पॅड घातले, त्या वर्गांना आवाज शोषणारं छत केलं आणि तो फरक उरला नाही.

तुम्ही काय कराल, तर शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवा. टाळी थांबल्यावरही आवाजाची शेपूट ऐकू आली तर प्रश्न खोलीचा आहे. मुलीला पुढे बसवायला सांगा, रस्त्याकडच्या खिडकीपासून लांब. मागच्या भिंतीला जाड सॉफ्टबोर्ड, चुण्यांचे जड पडदे, बाकांच्या पायांना रबरी बूच, एवढ्याने थोडा फरक पडतो. अंड्यांचे ट्रे लावू नका, उपयोग नाही आणि पेट घेतात.

आणि हो, कान ईएनटीकडे तपासून घ्याच, लहान मुलांत सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठतं, दुखत नाही पण ऐकू कमी येतं. काही मुलांना खरंच एकाग्रतेचा त्रास असतो, ते तज्ज्ञच सांगतील, मी नाही. शाळा बदललीच तर फी भरण्याआधी तिथेही टाळी वाजवा, हल्ली सगळीकडे टाइल्स आणि काचाच आहेत.

पालकसभेत विषय काढलात तर माइक देतो म्हणतील. नको म्हणा. छताच्या आवाज शोषणाऱ्या टाइल्सचं कोटेशन मागवायला लावा आणि पीओपी चालणार नाही हे तिथेच लिहून घ्या.