१० × १२ फुटांच्या खोलीत टॉवर (जमिनीवर उभे राहणारे उंच) स्पीकर घ्यावेत की बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचे छोटे)? बास (खालचे, जाड स्वर) किती ठेवावा?

बुकशेल्फ घ्या, पाच ते साडेपाच इंची वूफरचे (वूफर म्हणजे खालचे स्वर वाजवणारा पडदा). टॉवरचे पैसे अशा खोलीत बहुतेक वाया जातात.

कारण खोलीचं माप. १२ फूट लांबीत सुमारे ४७ हर्ट्झला (सेकंदाला ४७ कंपनं, म्हणजे बासच) आणि १० फूट रुंदीत ५६ हर्ट्झला आवाज भिंतींमध्ये अडकून फुगतो. टॉवर नेमका तिथेच जोर लावतो, मग तबल्याचा बायाँ घुमण्याऐवजी नुसता ढुम्म ढुम्म ऐकू येतो. स्पीकर कोपऱ्यात ढकलला तर आणखीच.

जमलं तर बंद पेटीचा स्पीकर बघा. पोर्टवाल्याचा (पेटीला हवेसाठी भोक असलेल्याचा) बास ठरावीक हर्ट्झच्या खाली सप्तकामागे साधारण २४ डेसिबलने कोसळतो, बंद पेटीचा १२ने. हा हळू उतार लहान खोली बऱ्यापैकी भरून काढते. बीबीसीने १९७०च्या दशकात प्रक्षेपणाच्या गाडीत वापरायला केलेला एलएस ३/५ए असाच बंद आणि चिमुकला होता. आज मात्र बाजारात पोर्टवालेच जास्त. तेच मिळाले तर भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ठेवा. तरी घुमलं तर पोर्टमध्ये फोमचा बोळा घाला (मोजे कोंबले तरी चालतं, हसू नका).

बासचं बटण आधी शून्यावर ठेवून बसायची जागा बदलून बघा. खोलीच्या बरोबर मध्यावर बास गायब होतो, मागच्या भिंतीला टेकलात की अंगावर येतो. पडद्या-गालिच्याने फक्त वरचे स्वर मऊ होतात, बास त्यांना जुमानत नाही. सबवूफर (फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर) घ्यायची घाई करू नका. खालच्या मजल्यावरचे आधी दार वाजवतील.