टॉप कोट चिकट का राहतो?

प्रश्न : मी घरीच जेल एक्स्टेन्शन (जेलने नखे लांबवण्याचे काम) करते. टॉप कोट, म्हणजे नखावरचा शेवटचा पारदर्शक थर, जेल कडक करणाऱ्या दिव्याखाली पूर्ण साठ सेकंद ठेवला तरी बोटाला चिकट लागतो आणि पुसला की चकाकी जाऊन नखे मंद दिसू लागतात. बाटलीच खराब निघाली असे समजावे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बाटलीला दोष देण्यापूर्वी चिकटपणा आणि मंदपणा या दोन तक्रारी वेगळ्या करू, कारण पहिली बहुधा तक्रारच नाही. दिव्याच्या किरणांनी जेलमधले लहान रेणू एकमेकांशी जोडले जातात आणि थर कडक होतो, परंतु हवेतला प्राणवायू ही जोडणी पृष्ठभागावर मध्येच थांबवतो, म्हणून सर्वांत वरचा अतिशय पातळ पापुद्रा ओलसर राहतो. साध्या टॉप कोटमध्ये तो राहणारच आणि तो पुसून काढायचाच असतो. ‘नो-वाइप’ (पुसावा न लागणाऱ्या) प्रकारात मात्र वरचा थरही कडक व्हावा अशी योजना असते. तेव्हा तुमच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते आधी पाहा. नो-वाइप असूनही नख चिकट लागत असेल, तर प्रकाश कमी पडतो आहे असे समजा.

मंदपणाची कारणे निराळी आहेत. दिव्यातून हात काढल्याबरोबर पुसण्याची घाई हे त्यांतले नेहमीचे कारण होय. थर अजून ऊबदार असतो, त्यामुळे ओलसर पापुद्रा निघण्याऐवजी चकचकीत पृष्ठभागावर पसरतो. म्हणून मिनिटभर थांबावे, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला, धागे न सुटणारा तुकडा घ्यावा आणि प्रत्येक नखाला त्याचा नवा कोपरा वापरावा. साधा कापूस तंतू सोडतो आणि ॲसिटोनने पुसल्यास चकाकी जाण्याची शक्यता असते. फाइल केल्यानंतरची धूळ न झटकता कोट लावला किंवा पुसायच्या भीतीने तो नको तितका पातळ ओढला, तरीही नख मंदच दिसते.

एवढे करूनही फरक पडला नाही, तर एक सोपी कसोटी घ्या. प्लॅस्टिकच्या सुट्या टिपवर (तयार कृत्रिम नखावर) कोट लावून तो नेहमीच्या दुप्पट वेळ दिव्याखाली ठेवा आणि थंड झाल्यावर पुसा. टिप चमकली तर तुमचा वेळ किंवा दिवा अपुरा आहे. ती मंदच राहिली तर पुसण्याचा द्रव आणि कापड बदलून पाहा, आणि त्यानंतरच बाटलीवर संशय घ्या.

दिव्याबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण दिव्याचा दोष टॉप कोटच्या माथी मारला जातो हा माझा नेहमीचा अनुभव आहे. जुन्या पद्धतीच्या दिव्यात 9 वॅटच्या चार नळ्या असतात आणि त्यांचा निळसर उजेड वर्षानुवर्षे तसाच दिसत राहिला, तरी जेल कडक करणारी त्यांची ताकद हळूहळू घटत असते. त्या नळ्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात, हे विकणारा सहसा सांगत नाही. एलईडी दिवे साधारणपणे 365 आणि 405 नॅनोमीटरच्या आसपासचे किरण देतात आणि प्रत्येक जेल त्यांतील विशिष्ट किरणांना अनुसरून बनवलेले असते. त्यामुळे खोक्यावरचा वॅटचा मोठा आकडा पाहून घेतलेला दिवा तुमच्या जेलला साजेसा असेलच असे नाही. जेल बनवणाऱ्याने सांगितलेला दिवा वापरणे हाच खरा उपाय आहे.

प्रश्न : चार बोटांवरचा टॉप कोट दोन आठवडे टिकतो, पण अंगठ्यावरचा तिसऱ्याच दिवशी पापुद्र्यासारखा निघतो. असे का व्हावे? (कोल्हापूर)

उत्तर : पंजा दिव्यात ठेवला की अंगठा आपोआप कुशीवर वळतो, त्यामुळे वरून येणारा प्रकाश त्याच्या नखावर तिरका पडतो आणि एक कड अर्धीकच्ची राहते. आधी दोन्ही हातांची चार-चार बोटे करून घ्यावीत, मग दोन्ही अंगठे एकत्र, नखे सरळ वर करून ठेवावेत. कोट नखाच्या टोकावरून किंचित खाली वळवून घेतल्यास मोबाइलच्या पडद्यावर घासणारी कड लवकर उचलली जाणार नाही. तुमची नखे ॲक्रिलिकची असतील, तर 180 ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचे माप) बफरने, म्हणजे नखे घासायच्या ठोकळ्याने, पृष्ठभाग हलकेच खरखरीत करावा आणि क्युटिकल ऑइल सगळे काम संपल्यावरच लावावे. तेलाचा हात फिरलेल्या ॲक्रिलिकवर कुठलाच कोट ठरत नाही.

प्रश्न : स्वयंपाकामुळे पारदर्शक टॉप कोट पिवळा पडतो. हळद कशाने निघेल? (पुणे)

उत्तर : हळदीतील पिवळे द्रव्य पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र विरघळते. म्हणून साबणाने घासत बसण्यापेक्षा अल्कोहोलने लगेच पुसलेले बरे, आणि उरलेला डाग उन्हात बराच फिका होतो. डाग खोल मुरला असेल, तर वरचा थर हलकेच फाइल करून नवा कोट द्यावा. अर्धवट कडक झालेला कोट रंग अधिक शोषतो, हेही ध्यानात ठेवावे. काही सनस्क्रीनमुळेही नखे पिवळी पडतात, तेव्हा ते लावल्यावर बोटांची टोके पुसून घ्यावीत. लग्नघरात तर नखांचे काम हळद लागल्यानंतरच करून घ्यावे, नाहीतर नवरीची पांढरी फ्रेंच टोके मांडवात केशरी दिसतात.

प्रश्न : काळ्या रंगावर टॉप कोट दिला की सुरकुत्या आणि कधी बुडबुडे येतात. (ठाणे)

उत्तर : सुरकुत्या टॉप कोटच्या नसून खालच्या काळ्या थराच्या असतात. गडद रंग प्रकाश अडवतो, म्हणून जाड थर वरून कडक आणि आत ओला राहतो. रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत आणि प्रत्येक हात स्वतंत्रपणे कडक करावा. बुडबुड्यांसाठी बाटली हलवणे थांबवा, तळव्यांमध्ये धरून ती नुसती फिरवा.

प्रश्न : युरोपात जेलमधल्या ‘टीपीओ’वर बंदी आल्याचे वाचले. इथे जर्मनीत घेतलेल्या नव्या टॉप कोटला पूर्वीइतकाच वेळ द्यावा का? (फ्रँकफर्टस्थित वाचक)

उत्तर : 1 सप्टेंबर 2025 पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत टीपीओला मनाई आहे. प्रकाश पडताच जेल कडक होण्याची क्रिया सुरू करणारे हे द्रव्य होते आणि त्यामुळे थर फारसा पिवळा पडत नसल्याने ते पारदर्शक कोटसाठी सोयीचे ठरत असे. त्याच्या जागी आलेले द्रव्य वेगळे असल्यामुळे जुन्या बाटलीच्या सवयीने वेळ ठरवू नये. नव्या बाटलीवरची वेळ आणि दिवा पाळावा, आणि शंका असल्यास वर सांगितलेली टिपची कसोटी घ्यावी.

प्रश्न : टॉप कोट लावल्यापासून नखांभोवती खाज येते आणि बारीक फोड आले आहेत. कोट बदलून पाहू का? (नागपूर)

उत्तर : नाही. आधी जेल पूर्ण बंद करा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. कच्चे जेल कातडीला वारंवार लागल्याने त्यातील ॲक्रिलेट गटातल्या, विशेषतः ‘हेमा’सारख्या द्रव्यांची ॲलर्जी होऊ शकते आणि ती एकदा जडली की बहुधा कायमची राहते. दातांच्या काही फिलिंगमध्येही याच गटातील द्रव्ये असतात, म्हणून दंतवैद्यालाही ही गोष्ट सांगून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना वापरात असलेल्या सर्व बाटल्या सोबत न्या आणि घरी नखे खरवडून काढू नका.