बिल्ल्याचा हिशेब

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर तुझी जुन्या कॅमेऱ्यांच्या आणि लेन्सच्या व्यवहारांची शंभरी जवळ आली आहे. ती पटकन गाठायला थोडा स्वस्तातला किरकोळ माल लिलावात सोडावा आणि एकदाचा 'टॉप रेटेड सेलर'चा, म्हणजे साइट चोख विक्रेत्यांना देते तो, दर्जा पदरात पाडून घ्यावा का, असं तू विचारलंस. उत्तर आधीच सांगतो म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. दर्जा चालत आला तर जरूर घे. त्याच्यासाठी माल बदलू नकोस. आणि त्याच्या वरच्या 'प्लस'च्या अटी सगळ्या मालाला सरसकट तर मुळीच लावू नकोस.

हा बिल्ला, म्हणजे या दर्जाची खरेदीदारांना दिसणारी खूण, मुळात का काढला हे समजलं की त्याची किंमत ठरवणं सोपं जातं. ईबे १९९५ साली सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे फीडबॅकची पद्धत आली. अनोळखी माणसाला आधी पैसे पाठवायचे आणि मग मालाची वाट बघायची, तर त्या माणसाबद्दल आधीचे लोक काय म्हणतात हे दिसायला हवं, एवढा साधा विचार त्यामागे होता. पण लोक फार गोड निघाले. रेझ्निक आणि झेकहाउझर या अभ्यासकांनी १९९९ सालचे व्यवहार तपासले, तेव्हा खरेदीदारांनी दिलेल्या अभिप्रायांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त चांगले होते. त्यामागे भीड होती, तशी भीतीही. तेव्हा विक्रेताही खरेदीदाराला वाईट शेरा देऊ शकत असे, म्हणून तक्रार असली तरी माणूस गप्प बसायचा. २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा तो अधिकार काढून घेतला. आता सगळ्यांनाच जर नव्व्याण्णव टक्के मिळत असतील तर त्या आकड्यावरून कोणाची निवड करायची? ती निवड करून देण्यासाठी बिल्ला.

पहिला बिल्ला 'पॉवरसेलर'चा होता आणि त्याची रचना मला कधीच पटली नाही. महिन्याला हजार डॉलरची विक्री झाली की ब्राँझ, तीन हजारांची झाली की सिल्व्हर, असं करत दीड लाखांवर टायटॅनियम. चांगल्या फीडबॅकची अट होती, पण पायऱ्या सगळ्या उलाढालीच्या. विक्रेता किती मोठा आहे ते त्यावरून कळायचं. पार्सल वेळेवर निघेल का, हे नाही. २००९ मध्ये 'टॉप रेटेड' आला आणि खरेदीदारांना दिसणारा बिल्ला तोच झाला. ज्यांनी 'पॉवरसेलर'च्या चिन्हाभोवती आपली सगळी जाहिरात उभी केली होती, त्यांच्या हातात एका नियमबदलानंतर काही उरलं नाही. हे लक्षात ठेव. बिल्ला साइटच्या मालकीचा असतो.

आजच्या अमेरिकन साइटच्या अटी तुला ठाऊक असतीलच, तरी नीट वाच. खातं किमान ९० दिवस जुनं हवं. वर्षभरात तिथल्या खरेदीदारांशी १०० व्यवहार आणि १,००० डॉलरची विक्री हवी. सदोष व्यवहार जास्तीत जास्त अर्धा टक्का, विक्रेत्याने न सोडवलेली प्रकरणं ०.३ टक्के, उशिरा पाठवलेली पार्सलं ३ टक्के. शिवाय ९५ टक्के व्यवहारांत ट्रॅकिंग वेळेत चढवलेलं हवं. दर महिन्याच्या २० तारखेला फेरतपासणी होते. शंभर व्यवहार असणाऱ्याला अर्धा टक्का म्हणजे अर्धाच व्यवहार, असं वाटून तू घाबरशील, पण छोट्यांसाठी सवलत आहे. सदोष व्यवहार तीनपेक्षा जास्त वेगवेगळ्या खरेदीदारांशी झाले नसतील तर टक्केवारी वर गेली तरी दर्जा जात नाही.

या यादीत काय नाही ते बघ. तुझ्या लेन्सचं वर्णन खरं होतं का, काचेवरची बुरशी तू सांगितली होतीस का, हे इथे थेट कुठेच मोजलेलं नाही. सदोष व्यवहार म्हणजे मुख्यतः दोनच गोष्टी: माल नाही म्हणून तू रद्द केलेला सौदा आणि तू न मिटवल्यामुळे साइटला मध्ये पडावं लागलेलं प्रकरण. वाईट फीडबॅक पूर्वी यात धरत. २०१६ पासून धरत नाहीत. वर्णनाशी न जुळणाऱ्या मालाचा हिशेब साइट वेगळा ठेवते, तुझ्यासारखाच माल विकणाऱ्या इतरांशी तुलना करते आणि प्रमाण फारच वाढलं तर जादा शुल्क लावते, पण तो भाग निराळा. म्हणजे बिल्ला सांगतो ते एवढंच, की हा माणूस कामात व्यवस्थित आहे. जुन्या कॅमेऱ्यांच्या धंद्यात गिऱ्हाईक शोधत असतो प्रामाणिक वर्णन, आणि ते त्याला सापडतं तुझ्या फोटोंत आणि लोकांनी लिहिलेल्या शेऱ्यांत.

नावाला भाव असतो याबद्दल मात्र मला शंका नाही. रेझ्निक, झेकहाउझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक छान प्रयोग केला होता; तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या पोस्टकार्डांच्या एका मुरलेल्या विक्रेत्याने तोच माल काही वेळा आपल्या जुन्या खात्यावरून आणि काही वेळा कोऱ्या नव्या खात्यांवरून विकला. माणूस एकच, कार्डं सारखी. जुन्या नावाला खरेदीदार सुमारे ८ टक्के जास्त द्यायला तयार होते. इतर आकडेवारीत एक अडचण कायम असते. बिल्लेवाले जास्त विकतात ते बिल्ल्यामुळे, की मुळात चांगले विक्रेते असल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. या प्रयोगात ती अडचण नव्हती. पण हा आठ टक्क्यांचा फरक वर्षानुवर्षांच्या नावाचा होता, बिल्ल्याचा नव्हता, हे विसरू नकोस.

बिल्ल्याची स्वतःची किंमतही अभ्यासली गेली आहे. एल्फेनबाइन, फिसमन आणि मॅक्मॅनस यांच्या २०१५ च्या अभ्यासात असं दिसलं, की त्या प्रकारच्या मालात बिल्लेवाले थोडे असतील आणि स्पर्धा मोठी असेल तेव्हा बिल्ला जास्त उपयोगी पडतो. हे तुझ्या बाबतीत तू स्वतः तपासायलाच हवं. तुझ्यासारखा माल साइटवर शोधून पहिली काही पानं बघ. लेन्सच्या झाकणांत आणि फिल्टरांत जिकडेतिकडे बिल्ले दिसतील, तिथे तुझा आणखी एक कोण बघणार? जुन्या दुरुस्त केलेल्या लेन्सांत तसं चित्र नसेल, तर तिथे त्याचं वजन आहे.

आता 'प्लस'. लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'टॉप रेटेड' झाल्यावर एखाद्या लिस्टिंगवर, म्हणजे विक्रीला लावलेल्या मालाच्या नोंदीवर, त्याच किंवा पुढच्या कामाच्या दिवशी पाठवणी आणि किमान ३० दिवसांची मोफत परतफेड दिलीस, तर त्या लिस्टिंगवर 'टॉप रेटेड प्लस'ची मोहोर लागते आणि विक्री शुल्कात १० टक्के सूट मिळते. दहा टक्के ऐकून डोळे चमकतात. पण सूट आहे शुल्कावर, विक्रीच्या किमतीवर नाही. (सुरुवातीच्या काळात ती २० टक्के होती, हेही जाता जाता सांगतो.) बहुतेक प्रकारच्या मालावर शुल्क १३ टक्क्यांच्या आसपास असतं. त्याचा दहावा भाग म्हणजे किमतीच्या सव्वा टक्क्याहून किंचित जास्त. ५० डॉलरच्या वस्तूवर शुल्क साधारण साडेसहा डॉलर, आणि सूट ६५ सेंट. प्रत्येक ऑर्डरवरचं ठरावीक शुल्क वेगळं, त्यावर सूट नाही.

अशा शंभर वस्तू विकल्यास तर सूट ६५ डॉलर. समजा, एका पार्सलचा जाण्याचा खर्च ८ डॉलर आणि येण्याचाही तितकाच. मोफत परतफेडीत ते दोन्ही तुझ्या खिशातून. म्हणजे शंभरातल्या चारच जणांचं मन बदललं की सूट संपली, आणि पाचव्यापासून तुला घरचे पैसे घालावे लागतात. यात फक्त मन बदलल्यामुळे परत आलेला माल धर. वर्णनाशी न जुळणारा माल परत आला तर खर्च तसाही तुझाच असतो, तो 'प्लस'च्या नावावर लिहू नकोस. आणि परत आलेली वस्तू पुन्हा तपासणं, पुन्हा फोटो काढणं, पुन्हा लिलावात सोडणं यात जाणारा वेळ मी अजून मोजलेलाच नाही.

लिलावात हे आणखी बिघडतं. ठरावीक किमतीला घेणारा माणूस विचार करून घेतो. बोली लावणारा शेवटच्या मिनिटात चढतो, जिंकतो, आणि सकाळी उठून विचार करतो की एवढे कशाला दिले. त्याच्या हातात मोफत परतीचा दरवाजा आहे. तोवर दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवाल्याने दुसरीकडून लेन्स घेतलेली असते. त्याला 'सेकंड चान्स ऑफर' पाठवून तोच माल त्याच्या बोलीच्या भावात देऊ करता येतो, पण तो बांधील नसतो. याला दुसरी बाजू आहे. परत करता येईल हे ठाऊक असलं की लोक जरा मोकळ्या हाताने बोली लावतात, आणि त्यामुळे किंमत ६५ सेंटांपेक्षा कितीतरी जास्त चढू शकते. म्हणून मी 'प्लस' वाईट असं म्हणत नाही. माल बघून ठरव, एवढंच म्हणतो.

आणि ठरवता येतं, कारण 'प्लस' हे खात्याला लागत नाही, लिस्टिंगला लागतं. झाकणं, फिल्टर, पट्टे, असा नवा, एकसारखा माल मोफत परतफेडीवर ठेव. तो परत आला तरी जसाच्या तसा पुन्हा विकता येतो. तीस वर्षं जुना, हाताने साफ केलेला, एकच एक नग असलेला कॅमेरा त्यात घालू नकोस. महिनाभर कोणीतरी वापरून, सहलीला नेऊन परत पाठवला तर तुझी मेहनत गेली. त्याला परतफेड ठेवायचीच असेल तर परतीचा खर्च खरेदीदाराने द्यायचा, अशी ठेव. मोहोर मिळणार नाही. न मिळो.

शोधनिकालांत वर दिसण्याबद्दल तू लिहिलं होतंस. थोडा फायदा असेलही, पण संपत आलेला लिलाव, किंमत, शीर्षकातले शब्द यांपुढे त्याला किती वजन आहे हे बाहेरून कोणालाच मोजता येत नाही. मोजता न येणाऱ्या गोष्टीसाठी पैसे मोजू नयेत असं माझं मत आहे.

आता तुझा मूळ बेत, शंभरी भरायला किरकोळ माल सोडण्याचा. शंभर व्यवहार आणि हजार डॉलर, म्हणजे सरासरी दहा डॉलरचा सौदा. ही अट कोणाच्या सोयीची आहे ते दिसतंच. वर्षाला चाळीस उत्तम लेन्स विकणाऱ्याला ती कधीच पुरी करता येणार नाही, मग त्याचं काम कितीही चोख असो. पण म्हणून त्याने दोन-दोन डॉलरची साठ झाकणं विकायची? प्रत्येक झाकणामागे एक पार्सल, एक ट्रॅकिंग क्रमांक, हरवण्याची आणि उशीर होण्याची एक नवी शक्यता. दोन डॉलरवाला गिऱ्हाईक दोनशे डॉलरवाल्यापेक्षा कमी तक्रार करतो असा काही नियम नाही. माझा अनुभव तर उलटा आहे. झाकणांना मागणी आहे म्हणून विकत असशील तर खुशाल वीक. आकड्यासाठी नको.

एक गोष्ट बजावून सांगतो. एकच नग दोन ठिकाणी विक्रीला लावू नकोस. दुसरीकडे गेला की इथला सौदा रद्द करावा लागतो आणि तो सरळ सदोष धरला जातो. तसंच, कमी किमतीपासून बोली सुरू करून लिलाव पडेल भावात संपला, म्हणून 'माल खराब झाला' असं सांगून सुटका करून घ्यायची नाही. पडेल भाव सोसवत नसेल तर सुरुवातीची बोलीच तुझ्या खर्चाइतकी ठेव.

पहिल्या वाईट शेऱ्याबद्दलही सांगून ठेवतो, कारण तो येणारच. काब्राल आणि होर्ताचसू यांच्या २०१० च्या अभ्यासात, पहिला वाईट शेरा येण्याआधी विक्रेत्यांची विक्री आठवड्याला ५ टक्क्यांनी वाढत होती आणि नंतर ८ टक्क्यांनी घटायला लागली. पुढचे शेरे लवकर लवकर आले, पण त्यांचा तेवढा फटका बसला नाही. बिल्ला यातून तुला वाचवत नाही. वाचवतं ते तू त्या शेऱ्याखाली लिहिलेलं दोन ओळींचं शांत उत्तर, कारण पुढचा खरेदीदार तेही वाचतो.

तर आता कर एवढंच. मागच्या वर्षाची विक्री उतरवून घे: वस्तू, किंमत, टपालखर्च, परत आली का, आणि आली तर कशामुळे. शेवटचा रकाना नीट भर, मन बदललं आणि वर्णन चुकलं हे वेगळं लिही. ती यादी मला पाठव. कोणत्या मालाला 'प्लस' लावायचं ते आपण ओळीने बघू. तोवर पाठवणीची मुदत एक दिवसावर आणू नकोस. परीक्षेच्या दिवसांत तुला रोज पार्सल टाकायला जमणार नाही, आणि उशिराच्या पार्सलांची मर्यादा ३ टक्केच आहे.

तुझा शुभचिंतक