पकडून सोडलेला मासा जगतो का? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गळाने मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडणाऱ्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी, माशाला हाताळण्याच्या पद्धतींशी थेट संबंध असलेले प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी पकडलेला प्रत्येक मासा सोडून देतो आणि तो लगेच जोमाने पोहत निघून जातो. मग त्याला इजा झाली असे का मानायचे?

पोहत निघून जाणे हा मासा वाचल्याचा पुरावा नव्हे. दोरीशी झुंजताना माशाचे स्नायू ऑक्सिजनविना ऊर्जा निर्माण करतात, त्यामुळे लॅक्टेट साचते, रक्ताची आम्लता वाढते आणि हा बिघाड भरून येण्यास कित्येक तास लागतात. मृत्यू ओढवलाच, तर तो या काळात किंवा जखमेमुळे काही दिवसांनी, आपल्या नजरेआड ओढवतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ५३ अभ्यासांमधील २७४ नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यांत सोडलेल्या माशांच्या मृत्यूचे सरासरी प्रमाण १८ टक्के, तर मध्यक, म्हणजे सर्व नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य, ११ टक्के आढळला. या दोन आकड्यांतील अंतर महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक ठिकाणी प्रमाण कमी आणि थोड्या ठिकाणी ते फार मोठे होते, असा त्याचा अर्थ होतो. म्हणून ‘सोडलेले मासे जगतात’ आणि ‘सोडलेले मासे मरतात’ ही दोन्ही सरसकट विधाने निरुपयोगी आहेत. माशाची जात, गळ कोठे रुतला, पाणी किती उष्ण होते आणि हाताळणी कशी झाली, यांवर निकाल ठरतो. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वस्वी आपल्या हातात असते, आणि म्हणूनच तिच्याबाबत हयगय क्षम्य नाही असे मला वाटते.

प्रश्न : छायाचित्रासाठी मासा पाण्याबाहेर किती वेळ धरला तर चालतो?

शक्य तर अजिबात धरू नये. धरायचाच असेल, तर दहा सेकंदांच्या आत तो पुन्हा पाण्यात गेला पाहिजे. कल्ल्यांमधील अत्यंत पातळ पटले पाण्याच्या आधाराने एकमेकांपासून सुटी राहतात. हवेत येताच ती मिटून परस्परांना चिकटतात आणि श्वसन जवळजवळ थांबते. तेही नेमके अशा वेळी, जेव्हा झुंजीने थकलेल्या शरीराला ऑक्सिजनची सर्वाधिक गरज असते.

याविषयीचा सर्वांत परिचित प्रयोग कॅनडातील फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी १९९२ साली प्रसिद्ध केला. इंद्रधनुषी ट्राउट मासे त्यांनी पूर्ण दमेपर्यंत पोहायला लावले. ज्यांना केवळ दमवले, त्यांपैकी १२ तासांत १२ टक्के मेले. दमवल्यावर ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, तर ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के मेले. प्रयोगशाळेतील या माशांवर शस्त्रक्रियेने नळ्या बसवल्या होत्या, त्यामुळे हे आकडे नदीतील प्रत्येक माशाला जसेच्या तसे लावणे योग्य ठरणार नाही, आणि काही जाती हवेत याहून पुष्कळ अधिक काळ तग धरतात हेही खरे आहे. तरीही दमवणे आणि हवेत धरणे या दोन ताणांची बेरीज किती घातक ठरू शकते, हे त्यातून स्पष्ट दिसते. छायाचित्र हवे असेल तर कॅमेरा आधी सज्ज करावा, तोवर मासा जाळीसह पाण्यातच ठेवावा आणि क्षणभरच वर उचलावा. पहिले छायाचित्र बिघडले म्हणून दुसऱ्यासाठी तोच मासा पुन्हा उचलण्याची सवय मात्र पूर्णपणे सोडायला हवी.

प्रश्न : मासा हातातून निसटू नये म्हणून मी कोरडा टॉवेल वापरतो. त्याने काही बिघडते का?

होय, बिघडते. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे त्याचे जंतू आणि बुरशीपासून संरक्षण करणारे आवरण आहे. कोरडा हात, टॉवेल, होडीचा तळ, वाळू किंवा खडक यांच्या घर्षणाने तो निघतो, कधी त्याबरोबर खवलेही निघतात, आणि उघड्या पडलेल्या त्वचेवर पुढे बुरशी धरू शकते. हात आधी ओले करावेत आणि मासा जमिनीवर कधीही टेकवू नये. जाळीचाही येथे मोठा वाटा असतो. गाठी असलेल्या जाड नायलॉनच्या जाळीने पर फाटतात आणि खवले निघतात. रबरी किंवा बिनगाठीच्या जाळीने ही हानी कमी होते.

प्रश्न : जबड्याला पकडणाऱ्या चिमट्याने मासा उभा लटकवणे सुरक्षित आहे का?

लहान माशाच्या बाबतीत धोका कमी, मोठ्याच्या बाबतीत तो निश्चित मानावा. पाणी माशाचे वजन सर्व बाजूंनी तोलून धरते. उभे लटकवल्यावर तेच वजन जबड्याच्या सांध्यावर आणि पाठीच्या कण्यावर येते. ऑस्ट्रेलियातील बारामुंडी माशांवरील अभ्यासात अशा चिमट्याने तोंडाच्या तळाला छिद्रे पडल्याचे आढळले, तर बोनफिश माशांमध्ये जबड्याच्या ऊती फाटल्याचे दिसले. मासा आडवा धरावा, एक हात शेपटीच्या देठाशी आणि दुसरा पोटाच्या पुढील भागाखाली ठेवावा. कल्ल्यांच्या झाकणात बोटे घालू नयेत.

प्रश्न : गळ घशात खोल गेला असेल, तर तो काढावा की दोरी कापावी?

दोरी कापावी, आणि ती गळाच्या शक्य तितकी जवळ कापावी. खोल रुतलेला गळ ओढून काढताना अन्ननलिका, कल्ले, प्रसंगी हृदयही फाटते. ब्लूगिल माशांवर झालेल्या तुलनेत गळ काढलेल्या माशांचा मृत्युदर दोरी कापलेल्या माशांपेक्षा कितीतरी जास्त होता, आणि दोरी कापलेल्यांपैकी अनेकांनी गळ पुढे आपोआप टाकून दिला. गंजरोधक पोलादाचा गळ मात्र शरीरात दीर्घकाळ टिकतो, म्हणून तो टाळावा.

याहून चांगला उपाय म्हणजे गळ खोल जाऊच न देणे. सर्कल हुकचे टोक आत, दांड्याकडे वळलेले असल्याने तो बहुधा जबड्याच्या कोपऱ्यातच अडकतो. मात्र तो वापरताना रॉडला झटका न देता दोरी संथपणे ताणावी लागते. बार्ब, म्हणजे टोकामागचा उलटा काटा, नसलेला किंवा तो पकडीने दाबून सपाट केलेला गळ लवकर सुटतो, त्यामुळे हाताळणीचा वेळ घटतो. जिवंत किंवा नैसर्गिक आमिष मासा गिळण्याची शक्यता अधिक असते, हेही गळ निवडताना ध्यानात घ्यावे.

प्रश्न : उन्हाळ्यात वेगळी काळजी घ्यावी का?

अवश्य. गोड्या पाण्यात १० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, २५ अंशांना सुमारे ८. उलट उष्ण पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. थंड पाण्यातील जातींसाठी अशा दिवसांत गळ टाकूच नये. इतर जातींसाठी पुरेशी मजबूत दोरी वापरून झुंज लवकर संपवावी. बारीक दोरीवर मासा तासभर खेळवण्यात कौशल्य असेलही, पण त्याची किंमत माशाला चुकवावी लागते.

प्रश्न : थकलेल्या माशाला पाण्यात मागे-पुढे हलवून शुद्धीवर आणावे का?

मागे ओढल्याने कल्ल्यांतून पाणी उलटे वाहते, म्हणून तसे करू नये. मासा संथ प्रवाहाकडे तोंड करून सरळ धरावा. तो स्वतः सरळ राहतो का आणि शेपटी धरताच निसटू पाहतो का, हे तपासावे. दोन्ही गोष्टी होत असतील तर त्याला तत्काळ सोडावे, कारण धडधाकट माशाला आणखी धरून ठेवणे हीसुद्धा हाताळणीच आहे.

प्रश्न : वरील सर्व काळजी घेतली, तर विणीच्या हंगामातही पकडून सोडायला हरकत नसावी ना?

हरकत आहे, निदान अंड्यांची राखण करणाऱ्या जातींबाबत तरी. ब्लॅक बास माशांमध्ये घरट्याची राखण नर करतो. त्याला पकडल्यावर तो दूर असलेल्या काही मिनिटांतच इतर मासे अंडी व पिल्ले फस्त करतात, आणि पिल्ले फार कमी उरली तर परतलेला नर अनेकदा घरटेच सोडून देतो. अशा वेळी नराच्या अंगावर एक ओरखडाही नसतो, तरी त्या वर्षीची त्याची वीण गेलेली असते. हाताळणी कितीही हळुवार असली तरी तिने हे नुकसान टळत नाही. घरटी असलेल्या उथळ पाण्यात त्या आठवड्यांत गळ न टाकणे हाच उपाय आहे.