आईच्या खाजगी ट्रस्टमध्ये मी आणि भाऊ विश्वस्त आहोत. तिच्या देखभालीच्या चेकवर तो सही करत नाही. मी एकटा पैसे काढू शकतो का? (कोल्हापूर)

नाही, ट्रस्टच्या दस्तात एकट्याला अधिकार दिलेला नसेल तर दोघांची संमती लागतेच, भारतीय विश्वस्त अधिनियम, 1882 चं कलम 48 तेच सांगतं. आधी रात्रपाळीच्या आयाबाईंचा पगार, डायपर, औषधं असा महिनावार हिशेब पावत्यांसह भावाला लेखी पाठवा. बरेच वाद हिशेब न दाखवल्यानेच चिघळतात. तरी अडलं तर कलम 34 खाली कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयाकडे निर्देश मागा. धर्मादाय कार्यालयाचे हेलपाटे नकोत, ते सार्वजनिक ट्रस्टसाठी. मात्र प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर कलम 34 पुरत नाही, रीतसर दावाच लावावा लागतो. तोवर आईचं औषधपाणी कृपा करून थांबवू नका. पदरचा वाजवी खर्च कलम 32 प्रमाणे ट्रस्टमधून परत मागता येतो.